पेशंटचं करायला मावशी हवी, की वरकामाला बाई?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रं एकाच जागी अडलेली आहेत. घरात दिव्यांग माणूस आहे, पैसे एका मदतनिसापुरते आहेत, मग ती मदत अंगाच्या कामांसाठी घ्यायची की घरकामासाठी? पत्रं सातारा आणि सांगली जिल्ह्यांतली आहेत. ओळख पटेल असा मजकूर काढून ती इथे दिली आहेत.

आधी एका शब्दाबद्दल. ‘पेशंटचं करायला कुणीतरी हवंय’ असं आपण सहज म्हणतो. पण कायमचं अपंगत्व असलेल्या माणसाला आज दुकान आहे, शाळा आहे, भाजी निवडायची आहे. मदतीला येणाऱ्याने त्याला पेशंट समजलं की तो त्याला खाटेवरच ठेवतो. म्हणून उत्तरांत तो शब्द वापरलेला नाही.

प्रश्न : माझे यजमान ४६ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी ट्रॉली उलटून मणक्याला मार लागला. छातीखाली संवेदना नाही, हात मात्र चांगले आहेत. व्हीलचेअरवर बसून ते खताच्या दुकानाचा हिशेब लिहितात. मी पाचला उठते तरी त्यांचं आवरणं आणि मुलांचे डबे एकाच वेळी येतात. महिन्याला ९,००० रुपये काढता येतील. बहीण म्हणते, त्यांच्यासाठी माणूस ठेव. सासूबाई म्हणतात, नवऱ्याचं बायकोनंच करावं, तू वरकामाला बाई लाव. (तासगाव)

ताई, बहीण आणि सासूबाई दोघींनी मत दिलं, पण यजमानांचं मत पत्रात कुठेच नाही. ते आधी विचारा, आणि एकांतात विचारा. काहींना बायकोनं शौचाचं करणं नको असतं, त्यापेक्षा बाहेरचा माणूस बरा वाटतो. काहींना नेमकं उलट वाटतं. शरीर ज्याचं, त्याला कुणाचा हात लागावा हे त्यानंच ठरवायचं. पैशांचं गणित त्यानंतर.

मग सात दिवस वही लिहा. काम कोणतं, किती वाजता सुरू झालं, किती मिनिटं लागली, आणि ते तासभर पुढे ढकलता आलं असतं का, एवढंच. चौथा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. भांडी संध्याकाळपर्यंत पडून राहिली तर काही बिघडत नाही. लघवी आणि शौच मात्र थांबत नाहीत, आणि खाटेवर दर दोन तासांनी कूस बदलणंही लांबवता येत नाही. न थांबणारी कामं दिवसाच्या कुठल्या तासाला येतात हे वहीत दिसलं, की मदत कधी हवी ते कळतं.

त्या न थांबणाऱ्या कामांतली किती कामं यजमान स्वतः करू शकतील, ते पुढे बघा. हात चांगले असतील तर दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळी घालून लघवी काढणं ते स्वतः शिकू शकतात. एका वेळी ५०० मिलीलीटरच्या वर लघवी साठू द्यायची नाही. तेवढी येत असेल तर दोन वेळांमधलं अंतर कमी करायचं. माकडहाड, बसायची हाडं आणि टाचा लांब दांड्याच्या आरशात रोज स्वतः बघता येतात. दाब काढल्यावर अर्ध्या तासातही लाली गेली नाही, तर त्या जागेवर बसणं बंद. खुर्चीत दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे वाकून दोन मिनिटं भार काढायचा, यालाही दुसरा माणूस लागत नाही.

खाटेवरून खुर्चीत जायला सरकफळी लागते. ती गावच्या सुताराकडून होते. १८ मिलीमीटरचा प्लायवूड, लांबी साधारण ७० सेंटिमीटर, रुंदी २५, कडा गोल घासून वर गुळगुळीत पॉलिश. वरचा पृष्ठभाग खडबडीत राहिला तर कातडी सोलवटते आणि संवेदना नसल्यामुळे ते कळतही नाही. खाट आणि खुर्चीची बैठक एकाच उंचीवर हवी. खाट बुटकी असेल तर पायांखाली खोबण केलेले लाकडी ठोकळे द्या. खुर्ची खाटेला थोडी तिरकी लावायची, ब्रेक लावायचे, पाय ठेवायच्या पट्ट्या वर घ्यायच्या आणि खुर्चीचा खाटेकडचा हात काढायचा. हात न निघणारी खुर्ची घेतली असेल तर फळीचा काही उपयोग नाही. खुर्ची घेताना दुकानात हे फारसं कुणी सांगत नाही. पहिले आठ-दहा वेळा फिजिओथेरपिस्टसमोरच करा.

एवढं झाल्यावर बहुधा उरतं ते सकाळचं शौच, आंघोळ आणि कमरेखालचे कपडे. शौच रोज किंवा एकाआड एक दिवस, ठरलेल्या वेळी, गरम चहा-नाश्त्यानंतर अर्ध्या तासानं. सपोझिटरी (शौचाच्या जागी आत घालायची गोळी) घालून सगळं उरकायला पाऊण तास धरा. घाई केली की अर्धवट होतं आणि मग दुपारी खुर्चीत होतं. हा पाऊण तास आणि मुलांचे डबे एकमेकांवर येतात. तुमची ओढाताण दिवसभराची नाही, सकाळच्या दोन-अडीच तासांची आहे.

म्हणून आमचा सल्ला असा, की एक पूर्णवेळ माणूस ठेवण्यापेक्षा ९,००० रुपये दोन जागी विभागा. यजमानांना चालत असेल तर सकाळी साडेसहा ते नऊ एक दादा, आणि धुणं-भांड्याला तासावर येणारी बाई. मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोतून बहुतेक वेळा बारा तासांची पाळीच घ्यावी लागते, तुम्हाला तेवढी नको आहे. मिरज हे दवाखान्यांचं गाव असल्यामुळे वॉर्डात काम केलेली माणसं तिथे सापडतात, पण सकाळी साडेसहाला तिथून तासगावला रोज येणं फार दिवस टिकत नाही. गल्लीतलाच एखादा धडधाकट, शांत स्वभावाचा माणूस घ्या आणि यजमानांनीच त्याला आठ दिवस शिकवावं. शिकवणारा तोच असला की मालकही तोच राहतो.

दोन्ही कामं एकाच माणसावर टाकणं स्वस्त वाटतं, पण बिघडतं ते नेहमी एकाच बाजूनं. स्वयंपाकघरातलं काम डोळ्यांसमोर असतं, कुकर शिट्टी देतो, दूध उतू जातं. कूस बदलायची राहिली तर काहीच वाजत नाही. आठवड्यानं माकडहाडावर जखम दिसते आणि ती भरायला महिने जातात. शिवाय शौचाच्या कामातून उठून कणकेत हात, हे कितीही साबण लावला तरी घरातल्यांना खुपतंच. त्यातून कुरबुर होते आणि माणूस सोडून जातो.

कुणीही ठेवा, पण ज्या दिवशी दादा येणार नाही त्या दिवशी शौचाचं काम करू शकणारी दुसरी व्यक्ती घरात तयार हवी. भांड्यांसाठी अशी तयारी लागत नाही.

आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला, भांडीवाल्या ताईंनासुद्धा, माहीत हवी. छातीच्या पातळीवर मणक्याची दुखापत असलेल्या माणसाचं डोकं अचानक ठणकायला लागलं, चेहरा लाल होऊन घाम सुटला, अंगावर काटा आला, तर ते पित्त नाही. रक्तदाब झपाट्यानं चढत असतो. लगेच ताठ बसवा, पाय खाली सोडा, पट्टा आणि कपडे सैल करा, लघवी तुंबली आहे का बघा. नळी असेल तर ती पिळवटली आहे का बघा, नसेल तर लगेच नळी घालून लघवी काढा. मग शौच अडकलंय का, काही टोचतंय का ते तपासा. अशा लोकांचा रक्तदाब एरवीच कमी, वरचा आकडा ९० ते ११० असतो. त्यामुळे १४० दिसला तरी ‘नॉर्मलच आहे’ म्हणून सोडू नका. काही मिनिटांत उतरला नाही तर दवाखाना गाठा आणि तिथल्या डॉक्टरांना दुखापतीची पातळी सांगा.

प्रश्न : मी ५८ वर्षांची, काचबिंदूमुळे जवळपास पूर्ण अंध, एकटी राहते. मुलगा पुण्यात असतो. त्याचा आग्रह आहे की चोवीस तासांची केअरटेकर ठेवावी. आंघोळ, कपडे, जेवण माझं मी करते. (सातारा)

चोवीस तासांची केअरटेकर ठेवली तर तुम्ही आज जे स्वतः करता ते सहा महिन्यांत तिच्या हातात जाईल. तुम्हाला अंगाची मदत नको आहे, डोळ्यांची हवी आहे. रोज दोन तास येणारी, वाचता येणारी बाई पुरेल. बाजार, बिलं, पत्रं, औषधांच्या बाटल्या, आणि तांदळात किडे झालेत का हे बघणं, एवढंच तिचं काम. जाहिरात देताना ‘लिहिता-वाचता येणारी’ हे शब्द आधी घाला, स्वयंपाक नंतर.

तिला पहिल्याच दिवशी सांगायचं की वस्तू उचलली तर त्याच जागी, त्याच तोंडानं ठेवायची. अंध व्यक्तीच्या घरात नेटकेपणाच्या हौसेनं फार नुकसान होतं. कपाटाची दारं पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद, अर्धवट कधीच नाही, कारण डोकं आपटतं ते अर्धवट दारावर. खोलीत आली की बोलायचं, जाताना सांगून जायचं. बाहेर चालताना तिनं तुमचा हात धरून ओढायचं नाही. तुम्ही तिचं कोपर धरायचं आणि ती अर्धं पाऊल पुढे चालेल.

काचबिंदूच्या थेंबांच्या बाटल्यांना रबरबँड लावा, सकाळच्या बाटलीला एक, रात्रीच्या बाटलीला दोन. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन टाकतो. मीठ आणि साखर वेगळ्या आकाराच्या डब्यांत ठेवा, एक गोल, एक चौकोनी. नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ हे मोबाइल अ‍ॅप आहे. ते २०२० मध्ये आलं आणि नोट कॅमेऱ्यासमोर धरली की किंमत बोलून सांगतं. पैशांचा व्यवहार मदतनिसाच्या हाती पूर्ण सोडू नका. ती कितीही प्रामाणिक असली तरी संशयाला जागा उरू नये, हे तिच्याही हिताचं आहे.

मुलाची काळजी खरी आहे. त्याला रोज ठरलेल्या वेळी तुम्ही फोन करा. फोन आला नाही तर शेजारी कुणी दार वाजवायचं, हे आधी बोलून ठेवा आणि किल्ली त्यांच्याकडे द्या.

प्रश्न : मुलगा १५ वर्षांचा आहे, त्याला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू दुबळे होत जाणारा आजार) आहे. वजन ४८ किलो. मीच उचलते, माझी कंबर गेली आहे. वरकामाला बाई ठेवली तर मला त्याच्यासाठी ताकद उरेल असं वाटतं. हल्ली तो आंघोळीच्या वेळी चिडतो. (विटा)

इथे आमचं उत्तर स्पष्ट आहे. मदत मुलाच्या अंगाच्या कामांसाठी घ्या, पुरुष मदतनीस घ्या, आणि लांबणीवर टाकू नका. स्वयंपाकातून तुमचा वेळ वाचेल, पण कंबर वाचणार नाही. ४८ किलो एकट्या माणसानं रोज चार-सहा वेळा उचलायचं वजन नाही. आणि तो चिडतो त्याचं कारण बहुधा आजार नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला आईनं आंघोळ घालणं नको वाटतं, आणि ते वयाला धरून आहे. त्याला तसं विचारा. उत्तर त्याच क्षणी मिळालं नाही तरी चालेल.

नव्या दादाला पहिली गोष्ट शिकवायची ती ही, की या मुलाला काखेत हात घालून उचलायचं नाही. या आजारात खांद्याभोवतीचे स्नायू इतके सैल पडतात की हात वर सरकतात आणि मूल हातातून निसटतं. दोघांनी उचलायचं. एकानं मागून छातीभोवती हात घालून मुलाचे स्वतःचेच दोन्ही हात पोटाशी धरायचे, दुसऱ्यानं मांड्यांखाली हात घालायचा. ‘एक, दोन, तीन’ मुलानंच म्हणायचं. शक्य असेल तर झोळीचा हायड्रॉलिक लिफ्ट घ्या, मग एका माणसाला जमतं. घेण्याआधी खाटेखाली लिफ्टचे पाय जातात का ते मोजा. पेटीपलंग असेल तर जात नाहीत आणि लिफ्ट कोपऱ्यात पडून राहतो.

आंघोळीसाठी चाकांची कमोड खुर्ची घ्या, म्हणजे खाटेवरून एकदाच उचलायचं आणि शौच व आंघोळ एकाच बैठकीत होते. न्हाणीचा उंबरा आडवा येतो. दोन इंच उंबऱ्याला २४ इंच लांब उतार लागतो, एकास बारा हे प्रमाण धरा. त्याहून चढा केला तर भरलेली खुर्ची मागे येते. न्हाणीत शहाबादी फरशी असेल तर शेवाळ रोज घासायला हवं, घसरतो तो मदतनीस आणि पडतो मुलगा.

रात्रीचा वेगळा विचार करा. या मुलांना स्वतः कूस बदलता येत नाही, म्हणून ते रात्रीतून अनेकदा हाक मारतात. दिवसभर काम केलेल्या माणसालाच रात्री उठायला लावलं तर तो महिन्यात सोडून जाईल, किंवा दिवसा उचलताना त्याच्या हातून मुलगा पडेल. रात्र तुम्ही आणि यजमानांनी वाटून घ्या आणि दिवसाची झोप दादाच्या तासांत काढा. सकाळी उठल्यावर मुलाचं डोकं दुखत असेल, दिवसा पेंग येत असेल, तर ते रात्री श्वास उथळ होत असल्याचं लक्षण असू शकतं. हे डॉक्टरांना मुद्दाम सांगा. झोपेची गोळी स्वतःच्या मनानं कधीही देऊ नका.

माणूस ठेवताना आधार कार्डाची प्रत घ्या, पोलिसांकडून पडताळणी करून घ्या. पहिला महिनाभर घरात दुसरं कुणी असतानाच आंघोळ व्हावी, न्हाणीला दाराऐवजी जाड पडदा लावला तर आडोसाही राहतो आणि हाकही ऐकू येते. मुलाला हे शब्दांत सांगून ठेवा की, ‘तुला आवडलं नाही तर थांब म्हणायचं आणि आम्हाला सांगायचं. दादा सोडून जाईल याची भीती तू धरायची नाहीस.’ मदतीवाचून अडलेली मुलं त्याच भीतीनं गप्प बसतात.

प्रश्न : आईला पक्षाघात होऊन आठ महिने झाले, उजवी बाजू कमजोर आहे. ब्युरोच्या मावशी फार मायेनं सगळं करतात. पण आई पूर्वी जे थोडं करत होती तेही आता करत नाही. (कराड)

मावशींचं काम चुकलेलं नाही, त्यांना सांगितलेलं काम चुकलं आहे. ‘आईंचं सगळं करा’ असं सांगितलं की त्या सगळं करतात. त्याऐवजी कामं वाटून लिहून द्या. दात घासणं, तोंड पुसणं, डाव्या हातानं जेवणं आणि बटणं लावणं आईकडे. मावशींनी फक्त ताट सरकू नये म्हणून खाली ओला रुमाल ठेवायचा आणि वाट बघायची. जेवताना ताठ बसवायचं आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. कपडे घालताना आधी कमजोर हात बाहीत, काढताना आधी चांगला हात बाहेर. कमजोर हाताला धरून कधीही ओढून उठवायचं नाही, खांदा निखळतो आणि मग तो हात वापरायचाच राहतो. ब्लाउजला पुढून वेल्क्रो लावून घ्या.

वाट बघण्यात मावशींचा वेळ जाणार, म्हणून त्यांच्याकडचं वरकाम काढून वेगळ्या बाईला द्या. इथे वरकामाची बाईच आईच्या हाताला व्यायाम मिळवून देते.

प्रश्न : मदतनिसासाठी सरकारकडून काही मिळतं का? (जत)

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दोन जागा बघा. कलम ३८ नुसार ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेली आणि जास्त आधाराची गरज असलेली व्यक्ती तसा अर्ज करू शकते आणि मंडळ तिची तपासणी करतं. कलम २४ मध्ये अशा व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. कायद्यात उल्लेख आहे म्हणून दरमहा पैसे आपोआप सुरू होत नाहीत, म्हणून घरखर्चात ते धरू नका. पण अर्ज लेखी करा आणि पोच घ्या. अर्जात ‘खूप त्रास होतो’ असं न लिहिता, पहिल्या उत्तरात सांगितलेली वही ठेवा आणि तिच्यातले तास लिहा, ‘दिवसातून सहा वेळा उचलावं लागतं, रात्री चार वेळा कूस बदलावी लागते’ असं.

संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात होतो. ग्रामपंचायत, नगरपालिका आणि महापालिकेला स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवावा लागतो, ग्रामसभेत तो कुठे खर्च झाला ते विचारा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना आहे, संरक्षण एक लाखापर्यंत. या सगळ्यासाठी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आधी काढा.

प्रश्न : आम्ही सांगलीत नदीच्या पट्ट्यात राहतो, वडील खाटेवर आहेत. पुरात मदतनीस येऊ शकला नाही तर? (सांगली)

कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट आहे. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. चालता येणारं घर ४५ ची वाट बघू शकतं, तुम्ही बघू नका. कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आणि पुलाची पातळी पस्तिशीत, एवढ्यावरच वडिलांना उंचावरच्या नातेवाइकांकडे हलवा. रस्त्यावर पाणी आल्यावर खाटेवरच्या माणसाला नावेत घेणं फार अवघड जातं.

मदतनीस तुमच्यासोबत येईल का, हे मे महिन्यातच विचारून ठेवा. त्याचंही घर त्याच पट्ट्यात असू शकतं. नसेल येणार तर त्यानं घरातल्या दोघांना आंघोळ, कूस आणि लघवीच्या पिशवीचं काम जूनपूर्वी शिकवावं. पिशवी दोन-तृतीयांश भरली की रिकामी करायची, नेहमी मूत्राशयाच्या खाली लटकवायची पण जमिनीला टेकू द्यायची नाही. प्लॅस्टिकच्या बंद डब्यात दहा दिवसांची औषधं, डायपर, दोन जास्तीच्या पिशव्या, हातमोजे, यूडीआयडी कार्डाची प्रत आणि एका कागदावर वडिलांची दिनचर्या ठेवा. हवेची गादी पंपावर चालते. वीज गेली की ती बसते आणि माणूस थेट खाटेच्या फळीवर येतो. म्हणून चार इंची फोमची गादी तिकडे आधीच नेऊन ठेवा.